विरोधी पक्षाला मांडे

जळगावात कुणी पेशंटला केळी घेऊन आला, तर तो एकतर परगावचा असतो, नाहीतर वकिलाचा माणूस. आमच्याकडे आलेला वकिलाचा होता. आईच्या कोपराचा एक्स-रे अजून ओला असेल, डॉक्टर राउंडला यायचे होते, आणि हा डझनभर केळी टेबलावर ठेवून "अक्का, कसं वाटतंय?" विचारत होता. मी विचारलं, "तुम्ही कोण?" म्हणाला, "समाजसेवक." समाजसेवकाच्या खिशातून कोरं वकीलपत्र डोकावत होतं. सही जिथे करायची तिथे पेन्सिलीने फुलीही मारून ठेवलेली.

भुसावळहून लग्नाची ऑर्डर उरकून आई रिक्षाने परत येत होती. नशिराबादजवळ केळीच्या पिकअपने मागून ठोकलं. रिक्षा कलंडली, आईचा उजवा कोपर गेला. ऑर्डर मांड्यांची होती. आई धुळ्याकडची आणि खापरावरचे मांडे हा तिचा धंदा. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत लोंबवायचा, कापडासारखा पातळ करायचा आणि तापल्या खापरावर एका झोकात टाकायचा. त्या झोकाला कोपर लागतो. डॉक्टरांनी पट्टी-स्क्रू घालून तो बसवला आणि सांगितलं, "हात वापरता येईल, पण पूर्ण सरळ होणार नाही." आईने फक्त विचारलं, "भाऊ, मांडा व्हई का?" डॉक्टर हसले. त्यांना वाटलं, अक्कांना भूक लागली.

समाजसेवकाला मी हाकललं. केळी वॉर्डात वाटली. मग तीन-चार वकील पाहिले. एकजण पाय गेलेल्यांच्याच केसेस घेत होता, हाताला म्हणे भाव नाही. शेवटी कोर्टाजवळचा एक ठरला. क्लेमचाच वकील, बोलायला गोड, आणि भिंतीवर एका विमा कंपनीचं कॅलेंडर. ज्यांच्याशी लढायचं त्यांच्याच तारखा बघून हा माणूस जगत होता.

त्याने अर्ज काढला. "अक्कांचा धंदा?"

"मांडे करते," मी म्हणाले.

"पावत्या?"

"लग्नघरात मांड्यांची पावती कोण देतं?"

"मग गृहिणी लिहू. कोर्ट गृहिणीला ठरावीक धरतं, कटकट नाही. आणि अक्का, जबानीत सांगायचं, पाण्याचा गिलासही उचलत नाही."

आईने समोरचा गिलास उचलला आणि पाणी प्याली. तिला तहान लागली होती.

"हे खोटं आहे," मी म्हणाले.

"ताई, खोटं नाही. दाव्याची भाषा आहे."

माझे वडील भुसावळला रेल्वेत होते. युनियनची पत्रकं घरी येत, त्यांच्यावरच मी अक्षरं गिरवली. त्यामुळे मला चहाही मागण्या मांडल्यासारखाच मागता येतो. मी वकिलाला ऐकवलं: बाई चुलीपुढे आयुष्य जाळते आणि कागदावर तिचा धंदा शून्य? हलवाई तो व्यावसायिक आणि माझी आई गृहिणी? कॅलेंडरसुद्धा हललं असेल. वकिलाने शांतपणे ऐकलं. "ताई, तुम्ही निवडणुकीला उभ्या राहा. अर्ज मी भरून देतो. फी लागेल."

पण मी हटले नाही. आईच्या मांड्यांवर लग्नं लावलेल्या दोन यजमानांची प्रतिज्ञापत्रं आणली, आणि अर्जात शेवटी उमटलं: व्यवसाय, मांडे बनविणे. मला तो शब्द निशाणासारखा वाटला. वकील म्हणाला, "आता पिकअपची विमा कंपनी माणूस पाठवेल. हात खरंच गेलाय का बघायला. कुणी अनोळखी आला तर दार लावून घ्या."

आमच्याकडे दार लावायला सांगणारा हा माणूस नक्की कुठल्या जिल्ह्यात वाढला, कोण जाणे. त्यात कंपनीचा माणूस आला तो आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, भर दुपारी. आंगणात खापर तापलेलं, मांडे टाकायला मावशी बसलेली, आई शेजारी बसून तिच्या चुका काढत होती. अपघातानंतर आईने गोळ्याला हात लावला नव्हता. माणूस म्हणाला, "विमा कंपनीकडून आलोय." लपवलं नाही बिचाऱ्याने. आई म्हणाली, "ये भाऊ, बस. जेवीसन जा."

मी तिला आत ओढून कानात सांगितलं, "आई, हा विरोधी पक्षाचा आहे."

"मंग? सणना दिन उपाशी धाडू का?"

मी आत रस वाढायला घेतला आणि बाहेर तो गोड बोलायला लागला. "अक्का, तुमच्या हातचा मांडा म्हणजे जळगावात नाव आहे म्हणे. आज योग नाही का?" मावशी म्हणाली, "तिना हात..." पण आई उठलीच. मी वाटी घेऊन बाहेर आले तेव्हा गोळा तिच्या हातांवर होता, आणि पाहुण्याचा मोबाइल वर होता. "घरच्यांना दाखवतो," तो म्हणाला. मांडा मनगट ओलांडून पुढे आला, कोपराशी अडला आणि मधोमध फाटला. अर्धा खापरावर, अर्धा राखेत. आईने पदराने हात पुसले. पाहुण्याने मावशीच्या हातचे मांडे कटाच्या रशीबरोबर पोटभर खाल्ले, रस प्याला, घरच्यांसाठी बांधूनही नेले.

वकिलाला कळलं तेव्हा तो खुर्चीतून उठला. "अक्का! ज्यांच्यावर दावा लावला, त्यांना मांडे?"

"तो पाव्हना व्हता," आई म्हणाली. तिच्या दृष्टीने विषय संपला.

तारखेच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात एक कारकून बाई आईला बघून थांबल्या. "अक्का, तुम्हीच ना? माझ्या नणंदेच्या लग्नात तुमचेच मांडे होते. अजून नाव काढतात." आईने पदर सावरला. कितीतरी दिवसांनी मी तिला मान ताठ करून बसलेली पाहिली. बाई म्हणाल्या, "हात बरा झाला की सांगा, आमच्याकडे पोरीचं लग्न आहे." आणि आत जाऊन आपल्या टेबलाशी बसल्या.

कंपनीच्या वकिलाने चित्रफीत दाखवली. आई उभी, दोन्ही हात वर, हातांवर मांडा झुलतोय. आणि फीत थांबली. "माननीय न्यायालयाने पाहावं, अर्जदार आपला व्यवसाय सुखेनैव करीत आहे." सुखेनैव! एवढा जाडा शब्द त्या पातळ मांड्यावर ठेवायला त्यांना काही वाटलं नाही. आमचा वकील उलटतपासणीला उठला आणि साक्षीला उभ्या असलेल्या पाहुण्याला विचारलं, "पुढचं कापलंय का?" पाहुणा घुटमळला. खाल्लेलं आठवलं की शपथ, ते त्यालाच ठाऊक. म्हणाला, "मोबाइलमध्ये पूर्ण आहे." न्यायाधीशांनी पूर्ण दाखवायला लावलं.

मांडा फाटला. अर्धा राखेत पडला. न्यायाधीशांनी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा फाटला.

आमच्या वकिलाने माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. मी टेबलाखाली मूठ आवळली. जिंकलो होतो, आणि कंपनीच्याच पुराव्यावर. मग मी आईकडे पाहिलं. कोपरात पट्टी घालून आल्यावरही जिने हूं केलं नव्हतं, ती तोंडावर पदर ओढून बसली होती. कारकून बाई समोरच्या कागदात काहीतरी शोधत होत्या.

बाहेर वकील म्हणाला, "अक्का, केस जमली!" मीही बोलत सुटले, कष्ट, मान, शून्य, सगळं. आई रिक्षात बसली. मग म्हणाली, "मना फाटेल मांडा तिनी देखा." बस. पोरीच्या लग्नाचा निरोप पुढे आलाच नाही.

काही महिन्यांनी निकाल आला, इंग्रजीत. मी आंगणात उभं राहून मराठी करून सांगितला: आईचा व्यवसाय मांडे बनविणे, हे न्यायालयाला मान्य आहे. गृहिणी नाही, व्यवसाय. मावशी गोळे करत होती, आई तिला पुरण भरून देत होती. भरपाई किती ते तिने विचारलं नाही.

"त्याम्हा फाटना ते लिखेल शे का?" तिने विचारलं.

लिहिलं होतं. चांगलं अर्धं पान होतं. हात कुठे अडला, मांडा कुठून फाटला, किती भाग कुठे पडला.

"नाही," मी म्हणाले. "तसलं काही नाही."

आईने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग मावशीच्या पुढ्यातला गोळा उचलला, दाबून बघितला आणि परत ठेवला. "सैल शे," म्हणाली. "अजून मळ."