टेकडीवरच्या चर्चबाहेर काढलेले बूट

इकडे परदेशात, पार्सिपनीतल्या बेकरीत ताज्या पावाचा वास आला, की अजून माझ्या तळपायांना गार फरशी लागते. नव्वदच्या दशकात मी इथल्या एका डॉक्टरकाका-काकूंकडे स्वयंपाकाला होते. शाळा सातवीतच सुटलेली, इंग्रजीचा गंध नाही, तरी त्यांनी मला घरच्यासारखं पॅरिसला सोबत नेलं. रोज शहराचा एक नवा भाग पायी हिंडायचा. त्या दिवशी टेकडीवरची चित्रकारांची वस्ती होती. “तू चर्च बघून ये, आम्ही इथेच चित्रं बघतो,” काकू म्हणाल्या. देवाचं दार, म्हणून मी बूट बाहेर काढून आत गेले, आणि गर्दीनं मला भलत्याच दारानं बाहेर आणलं. बूट शोधत उतरत गेले, तर प्रत्येक गल्ली आधीच्या गल्लीसारखीच. पासपोर्ट काकांकडे, हॉटेलचं नाव आठवेना. एका बेकरीसमोर अनवाणी रडत उभी राहिले. आतल्या बाईनं काहीतरी विचारलं, मी नुसतेच हात जोडले. बऱ्याच वेळानं काकू धापा टाकत आल्या. “अगं, किती पॅनिक झालो आम्ही!” मागून काका, हातात माझे बूट. “द्या ना काका, शोभत नाही,” मी म्हटलं. “असू दे गं. चर्चच्या दारात बूट दिसले, तेव्हाच म्हटलं, ही आमचीच!” दोघं हसले, मला हसताही येईना. पुढे परत निघेपर्यंत मी काकूंच्या कोटाचं टोक सोडलं नाही. पॅरिस कसं होतं असं कुणी विचारलं, तर मी छान होतं म्हणते. खरं तर नंतरच्या सगळ्या वस्त्यांतला मला तो निळा कोटच तेवढा आठवतो.