पन्नास केबीच्या आत

उज्जैनमधल्या निम्म्या मराठी माणसांचे चेहरे आमच्या साडूंनी घडवले आहेत. देवाने फक्त कच्चा माल पुरवला. हे विधान माझं नाही, त्यांचंच आहे, आणि गंमत म्हणजे ते फारसं खोटं नाही. फ्रीगंजपासून माधव नगरपर्यंत ज्या घरात कुणी परीक्षेचा फॉर्म भरला, पेन्शनचा कागद पाठवला, मुलीसाठी स्थळं बघायला सुरुवात केली किंवा पासपोर्ट काढला, त्या घरातला एक तरी फोटो साडूंच्या कॉम्प्युटरवर चढलेला असतो, चारही बाजूंनी कापला गेलेला असतो आणि सांगितलेल्या मापात बसून खाली उतरलेला असतो. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. मी बँकेच्या बदलीवर इथे आलो, इथलाच जावई झालो आणि जावई म्हणून पहिल्यांदा ज्यांच्या तावडीत सापडलो ते हे गृहस्थ. सिंचन खात्याच्या नकाशाशाखेत त्यांची सगळी नोकरी झाली. मोठमोठे तलाव आणि कालवे हातभर कागदावर बसवायचे, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर कालवे संपले, बसवण्याची खोड राहिली. मुलीने आपला जुना कॉम्प्युटर त्यांच्या हवाली केला, त्यात फोटो कापायचं एक फुकटातलं सॉफ्टवेअर घालून दिलं आणि गावाला एक नवं खातं मिळालं.

हा कॉम्प्युटर समोरच्या खोलीत देवघराशी बरोबर काटकोनात मांडलेला आहे. काम नसेल तेव्हा त्यावर भैरवगढच्या छाप्याचं एक लालसर कापड पांघरलेलं असतं. ते ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीने, उशीच्या अभ्र्यांसाठी आणलं होतं. रोज सकाळी अंघोळ, पूजा आणि मग ते कापड बाजूला. सॉफ्टवेअरमधलं कापायचं चिन्ह नकाशावर काटकोन आखायचे दोन गुण्ये एकमेकांत अडकवल्यासारखं दिसतं. ते पाहिल्यावर हे आपल्याच जातकुळीच्या कुणी माणसाने बनवलंय, अशी साडूंची खात्री पटली. पण नुसत्या खात्रीवर काम करतील तर ते साडू कसले. सुरुवातीला ते पडद्यावर स्टीलची पट्टी धरून मापं घेत. रुंदी साडेतीन सेंटिमीटर, उंची साडेचार. पट्टी धरून हात भरून यायला लागला तेव्हा त्यांनी ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईने त्या मापाचा चौकोन आखला आणि तो कागद पडद्यावरच चिकटवून टाकला. चेहरा चौकोनात आला की फोटो पास. ही पद्धत तीन आठवडे निर्वेध चालली. मग कळलं की पडद्यावरचं चित्र जवळ-लांब करता येतं आणि त्याने मूळ फोटोच्या मापात काडीचा फरक पडत नाही. तोवर अकरा जणांचे फोटो हातावेगळे झाले होते. त्यातले काही छापल्यावर टिकलीएवढे निघाले, आणि शेजारच्या वकीलसाहेबांचा इतका मोठा निघाला की फोटो छापणाऱ्या दुकानदाराने हार कुठला लावायचा असं हळूच विचारलं. साडूंनी अकराही घरी जाऊन चूक कबूल केली, पण अर्धीच. "मी तो माप बरोबर धरलं होतं, पडदाच हलून राहिला होता," असं ते अजून म्हणतात; इथल्या मराठीत 'तर'चा 'तो' होतो.

पुढे पुढे त्यांना जगच चौकोनातून दिसायला लागलं. बायकोच्या एका चुलतबहिणीला बघायला मंडळी आली होती. पोहे झाले, चहा झाला, मुलगा फोन घ्यायला बाहेर गेला आणि सगळे साडूंच्या तोंडाकडे बघायला लागले, कारण त्या बैठकीत तेच वडीलधारे. त्यांनी डोळे बारीक केले, मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कलती केली आणि म्हणाले, "मुलगा उत्तम आहे. बस, वरून दोन बोटं कापला की झालं." त्यांचा रोख मुलाने कपाळावर उभ्या केलेल्या केसांच्या तुऱ्यावर होता, पण मुलाची आई समोरच बसली होती. सुदैवाने स्थळ मोडलं नाही. लग्नात मुलगा केस बारीक करून आला तेव्हा साडूंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू अक्षता त्यांच्याच डोक्यावर पडत होत्या.

संध्याकाळी आम्ही दोघं टावर चौकात फिरायला जातो. तिथे कुणा ना कुणाच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लागलेले असतात आणि ते साडूंना शांतपणे कचोरी खाऊ देत नाहीत. एकदा एका फ्लेक्सवरचे नेते आडवे पसरलेले दिसले. जागेत बसवताना कुणीतरी फोटोची उंची तशीच ठेवून रुंदी तेवढी ओढली असावी. फोटो लहान करा, मोठा करा, पण प्रमाण सोडू नका, हा साडूंचा धर्म. त्यांनी फ्लेक्सच्या कोपऱ्यातला दुकानाचा नंबर लावला आणि भर चौकात आवाज चढवून म्हणाले, "भाईसाहब, आपने नेताजी को चौड़ा कर दिया है." पलीकडचा माणूस अगदी शांत होता. "बाबूजी," तो म्हणाला, "वो असल में भी ऐसे ही हैं." साडूंचा विश्वास बसला नाही. आठवड्याने एका उद्घाटनाला नेताजी प्रत्यक्ष दिसले, तेव्हा त्यांना दोन्ही बाजूंनी नीट न्याहाळून साडूंनी तिथूनच दुकानदाराला फोन लावला आणि माफी मागितली.

माणसाच्या चेहऱ्यापुढे त्यांना बाकी सगळं फालतू वाटायचं. पंखे, पडदे, कॅलेंडरं, बेसिनं, लोकांच्या गाड्या, सगळ्यावर त्यांची कात्री चाले. नागपूरहून आलेल्या आमच्या एका काकूंनी महाकालच्या शिखरासमोर उभं राहून हौसेने फोटो काढून घेतला. साडूंनी तो सुधारून परत दिला, तेव्हा त्यात काकू होत्या आणि निळं आकाश होतं. "अहो, मी शिखरासाठीच तिथे उभी राहिले होते," काकू कळवळून म्हणाल्या. "शिखर कुठे जाऊन राहिलंय," साडू म्हणाले. "तुमचा चेहरा किती साफ आला ते बघा ना."

शेजारच्या आजींची गोष्ट तर गल्लीतल्या सगळ्यांना पाठ आहे. पेन्शनच्या फॉर्मसाठी आजी फोटो घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "हा फार मोठा आहे रे, जरा लहान करून दे मला." आजींना फोटो लहान हवा होता. साडूंनी 'मला' एवढाच शब्द धरला. दोन दिवस खपून त्यांनी सुरकुत्या पुसल्या, केसांवर काळा रंग चढवला आणि आजींना वीस वर्षांनी लहान केलं. पेन्शनच्या खिडकीवरच्या बाबूने फोटो पाहिला, आजींना पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला आणि विचारलं, "अम्मा, जिनकी पेंशन है वो खुद क्यों नहीं आईं?" फॉर्मसाठी दुसरा फोटो करून द्यावा लागला. पहिला आजींनी फ्रेम करून घेतला, तो त्यांच्या बैठकीत आहे.

तेवढा एक सोडला तर साडूंच्या हातचा फोटो कुठल्याही कचेरीतून परत आलेला नाही. लोक भांडून, रडकुंडीला येऊन त्यांच्याकडे येत आणि चहा पिऊन, फॉर्म भरून जात. त्यामुळे गेल्या वर्षी खुद्द त्यांच्याच घरातला एक फॉर्म अडला, तेव्हा ते मला खरंच वाटेना.

फॉर्म होता माझ्या भाचीचा, त्यांच्या एकुलत्या एका मुलीचा. माती परीक्षण शिकलेली मुलगी, दोन वर्षं अशा एका जागेची वाट बघत होती. जागा निघाली ती शिलाँगकडच्या एका संशोधन संस्थेत. फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवर, दोन्ही कान दिसणारा आणि पन्नास केबीच्या आत हवा होता. भाचीने तो स्वतः मोबाईलवर दोन मिनिटांत केला असता, पण शिंप्याच्या घरातलं माणूस बाहेर कपडे शिवायला टाकत नाही, तसं त्या घरात होतं. तिने फोटो बाबांना दिला. बाबा म्हणाले, उद्या करतो. दुसऱ्या दिवशी म्हणाले, लाइट गेली होती. मग सर्व्हर डाउन होता, मग माउस अटकत होता. असे आठ दिवस गेले आणि शेवटची तारीख आली. फॉर्म संध्याकाळी पाचला बंद होणार होता. दुपारी तीनला ताईंचा मला फोन आला. "तुम्ही जरा येऊन जा. माझं तो ऐकूनच नाही राहिले."

मी पोचलो तेव्हा साडू पडद्याला नाक लावून बसले होते. पडद्यावर फक्त एक हनुवटी होती, ताटाएवढी मोठी केलेली.

"बघा, साडूभाऊ," ते मागे न बघता म्हणाले. "हा टाका."

भाची सहा वर्षांची असताना रामघाटाच्या पायऱ्यांवर पडली होती. साडूंनी तिला तसंच उचलून डॉक्टरकडे पळवलं होतं. हनुवटीवर तीन टाके पडले, त्याची बारीकशी रेघ राहिली आहे.

"त्रेपन्न केबीला दिसतो," साडू म्हणाले. "बावन्नला पुसट होतो. पन्नासच्या आत नेला की गेला. मग ही हनुवटी कुणाचीही होऊ शकते."

"भाऊसाहेब, तिथल्या बाबूला हनुवटीशी काय करायचंय?"

"ओळखीची खूण आहे ना ती. तिकडे तिला कोण ओळखतं?"

आतापर्यंत मला हसू येत होतं, ते तिथे थांबलं. अख्खा कालवा हातभर कागदात बसवणारा, लोकांचे पंखे आणि मंदिरांची शिखरं बेधडक कापणारा हा माणूस तीन केबींसाठी आठ दिवस अडून बसला होता, आणि त्यामागे काय आहे हे घरात सगळ्यांना कळत होतं. कुणी बोलत नव्हतं इतकंच. ताई दारात पदराशी चाळा करत उभ्या होत्या. मी घड्याळाकडे पाहिलं, चारला दहा कमी होते.

भाची आतून आली आणि त्यांच्या खुर्चीशेजारी वेताच्या मोड्यावर बसली. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती हळू बोलली.

"बाबा, मला जायचंय. तुम्हाला मी जायला नको असेल, तर तसं सांगा मला. फोटोवर नका ढकलू."

साडूंनी माउसवरचा हात काढला. मग म्हणाले, "नको असं नाही गं. पण तुला इतकी लहान करून इतक्या लांब पाठवायची... मनच नाही होत, बेटा."

"लहान फोटो होणारे, मी नाही," ती म्हणाली. "आणि टाका माझ्यासोबतच येतोय. कुणी विचारलं तर सांगीन, बाबांनी उचलून नेलं होतं, चप्पल पण नव्हती पायात."

"एक होती पायात," साडू म्हणाले.

मग त्यांनी चष्मा पुसला आणि कामाला लागले. बावन्न, एक्कावन्न, पन्नास. ते एकोणपन्नासवर थांबले आणि पडद्यावरच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं. भाचीने माउसकडे हात नेला, तेव्हा "राहू दे, मी करतो," म्हणून त्यांनी स्वतःच बटण दाबलं. साडेचारला फॉर्म गेला. ताईंनी सगळ्यांना चहा दिला, तो कुणीही नीट प्यायला नाही. मला त्या माणसाचं तेव्हा फार वाईट वाटलं, आणि त्यांचा इतका अभिमान मला त्याआधी कधी वाटला नव्हता.

भाचीला ती नोकरी लागली. ती जाऊन आता आठ महिने झाले. दर रविवारी तिचे फोटो येतात, चांगले मोठे, पाच-पाच हजार केबीचे, आणि साडू ते न कापता तसेच ठेवतात. संध्याकाळी मी गेलो की आम्ही ते पडद्यावर बघतो. बघतो म्हणजे, मुलगी मध्यभागी हसत उभी असते आणि साडू माउस घेऊन कडेकडेने हिंडत असतात. खिडकीला जाळी नाही. कोपऱ्यात बादली आहे, म्हणजे पाणी भरून ठेवावं लागत असेल. पाठीमागे जी मुलगी आहे ती दोन फोटोंत दिसली, म्हणजे सोबत आहे. कॉटवर एकच रजई आहे. दुसऱ्या दिवशी ते फोनवर तिला रजईचं विचारतात, आणि बाबांना हे कसं कळलं याचं तिला दरवेळी नवल वाटतं.

परवा तिचा वाढदिवस झाला. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायला मला तिचा फोटो हवा होता, म्हणून मी साडूंना म्हटलं की ताज्या फोटोतला नुसता चेहरा तेवढा कापून द्या. फोटोत ती खोलीत स्टोव्हपाशी उभी होती. मागे दोरीवर मोजे वाळत होते, फळीवर लोणच्याची बरणी होती आणि एका बाजूला कुणाचा तरी अर्धा हात आला होता. साडूंनी ते गुण्यांचं चिन्ह उघडलं. चौकोन चेहऱ्यावर आणला. मग मोज्यांसाठी जरासा मोठा केला, बरणीसाठी आणखी मोठा केला, त्या अर्ध्या हातापाशी येऊन थांबले. शेवटी माउस माझ्याकडे सरकवून म्हणाले, "तुम्हीच कापा, साडूभाऊ. मला तो यात कापण्यासारखं काही दिसतच नाही."

मी माउस हातात घेतला, फोटोकडे पाहिलं आणि तो होता तसाच पाठवून दिला.