सतराव्या झाडाची रेघ

गूढ अनुभवांच्या या सदरात पिंपळ, विहीर किंवा पांढरी साडी आली की मी पान उलटते. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, आणि हे लिहून झाल्यावरही तो बसलेला नसेल. मी याद्या करणारी बाई आहे. घरी गॅस सिलिंडरच्या तारखांची यादी, लोकांनी वाचायला नेलेल्या पुस्तकांची यादी. ऑफिसात तर प्रत्येक कामाची. खाली लिहिते आहे ते त्या वेळच्या वहीतून उतरवलेलं आहे.

ठिकाण नागपूर, एका कॉलेजचं कॉम्प्युटर सेंटर. पहिला मजला, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि एक एसी – तो मशीनसाठी, आमच्यासाठी नाही. मी तिथे टेक्निकल असिस्टंट. त्याआधी अठरा वर्षं सीताबर्डीवर लोकांचे प्रबंध टाइप करून द्यायचे. प्रिंटर आणि कागद भोयरभाऊंकडे. साल १९९०, एप्रिल महिना, वेळ दहा ते साडेपाच.

त्या वर्षी आमच्याकडे मजकूर मांडणारा एक प्रोग्राम आला होता. त्यात मॅक्रो लिहिता येतो. म्हणजे नेहमी लागणारी कृती एकदा नाव देऊन लिहून ठेवायची. पुढे नुसतं नाव टाकलं की ती होते. असा एक मॅक्रो मी मेश्राम सरांच्या प्रबंधासाठी लिहिला. सर तर्कशास्त्राचे. त्यांच्या सिद्धता झाडासारख्या – वर दोन-तीन आधार, मध्ये आडवी रेघ, रेघेखाली त्यांतून निघणारं विधान, त्याखाली पुन्हा रेघ... असं करत बुंध्याशी शेवटचा निष्कर्ष. माझा मॅक्रो वरच्या ओळीची रुंदी मोजायचा, तेवढी रेघ मारायचा आणि खालची ओळ मधोमध बसवायचा. ओळींचा अर्थ काय, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. इंच कळायचे, तर्क नाही.

मेश्राम सर नागपूरजवळच्या खापा गावचे. वडील हातमागावर, घरातला पहिला मॅट्रिक झालेला माणूस म्हणजे सरच. प्रबंधाला दोनदा मुदतवाढ घेऊन झाली होती. शुक्रवारी पाचच्या आत तीन प्रती जमा झाल्या नाहीत तर नोंदणी रद्द, आणि तिच्यासोबत त्यांच्या कॉलेजातली कायम होऊ घातलेली नोकरीही.

मंगळवारी चौथं प्रकरण छापलं. सतराव्या झाडात एक रेघ नव्हती. रेघेपुरती जागा सुटलेली, वरची ओळ बरोबर, खालची बरोबर. मध्ये कोरं.

मी वही काढली.

"मॅडम, रिबन नवी हाये," भोयरभाऊ लगेच म्हणाले. "पहिलेच सांगून ठेवतो."

"मी तुम्हाला काही म्हटलं का?"

"तुमी वही काढली न, म्हणून भेव लागते."

टाइप केलेल्या मजकुरातले कंस तपासले. झाड वेगळ्या फाइलमध्ये नेलं. सगळं पुसून नव्यानं टाइप केलं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालवलं. बाकीच्या झाडांच्या रेघा एकूण एक येत होत्या; ही तेवढी नाही. बुधवारी सकाळी साडेअकराला मी थांबले. टाइपरायटरच्या काळात प्रबंधातली ग्रीक अक्षरं, चिन्हं, आम्ही सर्रास काळ्या पेननं भरायचो. परीक्षकांनाही त्याची सवय. म्हटलं, एक रेघ, हातानं ओढू.

"द्या, मीच ओढतो," मेश्राम सर म्हणाले. "एवढी झाडं तुम्ही उभी केली, एक रेघ तरी माझी असू द्या."

त्यांनी पट्टी ठेवली. रेघ कुठून कुठपर्यंत हे पाहायला वरची ओळ पुटपुटत वाचली, मग खालची. मग पुन्हा वरची... पेन कागदाच्या वर तसाच.

"काहून थांबले, सर? शाई नाही का?" भोयरभाऊंनी विचारलं.

"शाई आहे गा. पण यावरून हे निघतच नाही."

मला वाटलं थट्टा करतायत. ते खुर्चीत मागे टेकले.

"समजा मी म्हटलं, कोणताही एक माणूस घ्या. त्याच्याबद्दल जे सिद्ध होईल ते सगळ्यांबद्दल खरं. बरोबर? पण मी घेतलेल्या माणसाबद्दल वर आधीच एक गोष्ट धरून ठेवली आहे. मग तो कोणताही राहिला का?"

"नाही न," भोयरभाऊ म्हणाले. "तो तर ओळखीचा झाला."

सरांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू विचारत होते, सहा वर्षांत हे कोणी आधी काहून सांगितलं नाही.

शेवटचं प्रकरण या झाडावर उभं होतं. मी वहीत पाहिलं – उरले अडीच दिवस, त्यात बाइंडिंगचा एक. म्हटलं, "सर, गाइडनी पाहिलंय, दोन सेमिनार झालेत, कोणाला दिसलं नाही. ओढा रेघ. पदवी हातात आली की मग दुरुस्त करा."

"तुम्ही ओढाल?"

"मी तर आत्ता ओढते."

त्यांनी पेनला टोपण लावलं. "मले दिसलं ना आता, मॅडम. कसं ओढू?"

दिवसभर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते जिन्याजवळच्या बाकावर बसून होते. जेवायला सांगितलं तर "हो" म्हणाले आणि उठले नाहीत. गुरुवारी दुपारी चार कागद घेऊन आले. दावा लहान केला होता – सगळ्यांबद्दल नाही, जे गृहीत धरलं होतं ते ज्यांना लागू पडतं त्यांच्यापुरताच. अकरा ठिकाणचा 'सर्व' काढायचा होता. काढला. नवीन सतरावं झाड त्याच मॅक्रोनं टाइप केलं, रेघ पहिल्या फटक्यात आली. बाइंडरनं एक दिवसाचं काम शुक्रवारी दुपारपर्यंत करून दिलं. पावणेचारला प्रती जमा.

सोमवारी जुनी फाइल पुन्हा चालवली. रेघ नाही. आता तुम्ही म्हणाल, मशीननं चूक पकडली. मलाही तसंच वाटलं, म्हणून मुद्दाम चुकीची झाडं केली. सगळ्या कावळ्यांना दोन पाय, भोयरभाऊंना दोन पाय, म्हणून भोयरभाऊ कावळा.

"मलेच काहून कावळा केलं?"

अशी नऊ झाडं केली. नवांच्या नऊ रेघा ठळक आल्या. म्हणजे मशीनला चूक कळत नव्हती. जुन्या झाडातलं एक अक्षर बदललं, तर तिथेही रेघ आली. मशीन दुरुस्त करणारे इंजिनियर म्हणाले, मेमरीचा दोष असेल. त्यांनी कार्ड बदललं. पण दुसऱ्या कॉम्प्युटरवरही ती रेघ येत नव्हतीच, त्याचं काय, ते त्यांनी सांगितलं नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चौथं प्रकरण उघडलं आणि विचारलं, "इथे दावा सर्वांबद्दल का नाही?" सरांनी फळ्यावर ती चुकीची पायरीच मांडून दाखवली. परीक्षक म्हणाले, "ही पायरी तुमच्या प्रबंधात असती तर मी सही केली नसती." हे सरांनी बाहेर येऊन आम्हाला सांगितलं, आणि भोयरभाऊंना मिठी मारली.

प्रोग्राममध्ये कुठेतरी दोष होता, एवढं मी मान्य करते. पण चारशेच्या वर रेघांमधून तो नेमका त्याच एका रेघेवर का पडावा, आणि अजूनही का पडतो, हे मला कोणी समजावून सांगू शकलेलं नाही. कोणाला येत असेल तर जरूर लिहावं.

आणि मी त्यांना रेघ ओढा म्हटलं होतं, हे सरांनी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. म्हणून ते इथे मीच लिहिलं.