तंबूतला बारीक आवाज

अल्लाबक्षला सगळा मुलूख ओळखायचा तो तंबूच्या सिनेमाचा ऑपरेटर म्हणून. मूळचा कुंडलचा. वाट्याला आलेलं रान भावाच्या हवाली करून तो तरुणपणीच भाऊसोंच्या टुरिंग टॉकीजमध्ये शिरला आणि मशीनशेजारीच म्हातारा व्हायला लागला. तंबू सांगली-सातारच्या गावांतून फिरायचा. एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला बापे, मधे दोर. पुढे वाळूत पोरं. मशीन एकच, त्यामुळे दर रिळाला दिवे लागायचे, तेवढ्यात बाया पोरांना पाणी पाजून आणायच्या.

पूर्वी देवादिकांचे आणि कौटुंबिक सिनेमे चालायचे. सत्तर सालानंतर डाकूंचे आणि मारामारीचे हिंदी सिनेमे आले, आणि बापे मंडळी त्यावर तुटून पडली. अल्लाबक्षलाही ते आवडत. चांगली मारामारी लागली की त्याचाच पाय मशीनखाली ठेका धरायचा.

एका साली तंबू माण तालुक्यात दहिवडीला होता. एका सकाळी अल्लाबक्ष मशीनच्या बत्तीच्या कार्बनच्या कांड्या पुसत बसला होता. अंजना नावाची बाई पोराला काखेत घेऊन आली. नवरा मुंबईला गिरणीत. पोर ज्ञानू, पाचेक वर्षांचा.

"आवं भाई, ह्यो रातभर झोपत न्हाई," ती म्हणाली. "आला आला म्हनून वरडतोय. तुमच्या त्या डाकूनं येड लावलंय लेकराला."

"मग आणू नकोस की बाई त्याला."

"आन् ठेवू कुनापाशी? घरात मानूस न्हाई. मीबी येऊ नको म्हनता का? वर्साकाठी येक तंबू येतोय."

माणातल्या निम्म्या घरांची हीच कथा होती. पोरांना आणू नका म्हणणं म्हणजे बायांनाच येऊ नका म्हणणं. दिवसभर अल्लाबक्ष त्यावर विचार करत राहिला, आणि ज्ञानूसाठी काहीतरी करायचंच असं ठरवून उठला.

संध्याकाळी पहिल्या खेळाला, मारामारीचं रीळ लावण्याआधी, त्याने माईक घेतला. "आता फुडच्या रिळात डाकू गाव जाळत्यात, लय मारामारी हाय. बारक्या पोरांनी भाईर जाऊन पानी पिऊन यावं."

झालं उलटंच. आयांच्या मांडीवर झोपलेली पोरंसुद्धा डोळे चोळत उठली आणि वाळू तुडवत पडद्याच्या पुढ्यात जाऊन बसली. मागून फौजेतून रिटायर झालेले हवालदार मानसिंग ओरडले, "अल्लाबक्ष, रोज सांगत जा गड्या. आमीबी फुडं येऊन बसतो."

दुसऱ्या संध्याकाळी त्याने सुरे निघाले की मशीनच्या काचेपुढे तळहात धरला. पडदा काळा झाला. पण किंकाळ्या, घोड्यांच्या टापा, बंदुकांचे बार तसेच भोंग्यांतून येत राहिले. अंधारात पोरांनी असा हंबरडा फोडला की अंजना ज्ञानूला उचलून बाहेर पळाली. बाप्यांनी शिट्ट्या मारून तंबू डोक्यावर घेतला.

खेळ सुटल्यावर भाऊसो मशीनपाशी आले. धोतराचा सोगा हातात, आवाज शांत.

"सेन्सारनं पास केलंय, अल्लाबक्ष. तू कोन मधी हात घालनार?"

"पोरं भ्यात्यात, मालक."

"पोरं भ्यात्यात, बापं तिकटाचं पैसं माघारी मागत्यात. परत असं केलंस तर हे मशीन सोडायचं. कराडला येक पोरगा हाय, कवाबी येतोय."

अल्लाबक्षला दुसरं काहीच येत नव्हतं. नांगर हातातून सुटून वीस वर्षं होऊन गेलेली. मशीन गेलं तर भावाच्या दारात मिंधा होऊन बसावं लागणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. तरीही अंथरुणावर पडल्यावर त्याच्या डोक्यात फिरत होता तो पोरांचा हंबरडा. पडदा काळा होता, तरी ती जास्त भ्याली. म्हणजे त्यांना भिववतंय ते चित्र नाही. भोंगे भिववतायत. हे एकदा ध्यानात आल्यावर तो निवांत झोपला.

तिसऱ्या संध्याकाळी सगळं नेहमीसारखं सुरू झालं. अंजना फाटकाशीच उभी, आत येत नव्हती. अल्लाबक्षने स्वतः फाटकाशी जाऊन तिला आत घेतलं. "आज बस. पोरगं रडलं तर मला बोल लाव," म्हणाला.

डाकू गावात शिरले आणि त्याने आवाजाचं बटण पार खाली आणलं. चित्र मात्र पूर्ण उघडं ठेवलं.

घोडे बिनआवाजाचे धावायला लागले. दांडगा डाकू तोंड वासून उभा, पण तोंडातून शब्द नाही. नायकाने ठोसा मारला तो गालापासून चांगला वीतभर लांब, आणि डाकू आपला आपणच गिरकी घेऊन पडला. पुढून एक पोर खुदकन हसलं. मग दुसरं. तिसरा डाकू कौलांवरून खाली आला तेव्हा सगळी वाळू हसून लोळत होती.

"आवाज, आवाज," मागून गलका झाला. मानसिंग उठून उभे राहिले. "पैसं देऊन मुकं बघायचं व्हय रं?"

भाऊसो तरातरा आले. "बटण वर कर."

"न्हाई मालक."

"उद्या कराडचा पोरगा येईल."

"येऊ दे. हे रीळ माझं हाय. तुमी जरा फुडं बघा."

भाऊसोंनी पुढे पाहिलं. ज्ञानू उभा राहून डाकूसारखा गिरक्या घेत वाळूत पडत होता आणि त्याची आई पदरात तोंड घालून हसत होती. भाऊसोंचा हात बटणापर्यंत गेला, तिथेच राहिला. "रीळ संपू दे. मग बघतो तुला," ते म्हणाले.

दिवे लागले. अंजना दोरापाशी आली. "मालक, उद्या असंच असंल तर आमच्या वाडीच्या सगळ्या बाया येत्यात. पोरांस्नी घिऊन."

भाऊसोंनी बायांची बाजू एकदा नजरेखालून घातली. अर्धी मोकळी होती. देव-धर्माचे सिनेमे होते तेव्हा तिथे पाय ठेवायला जागा नसायची. मग त्यांनी मागे वळून बाप्यांना सांगितलं, "पहिल्या खेळाला मारामारीचा आवाज बारीक. दुसऱ्या खेळाला मोठा. ज्याला मोठा पायजे त्यानं जेवून यावं."

"म्हंजी आमी जागरन करायचं," मानसिंग म्हणाले.

"बॉर्डरवर करत हुतासा की."

मानसिंग हसत खाली बसले. पण सगळेच हसले नाहीत, आणि दोघे-तिघे पैसे मागून गेले. भाऊसोंनी ते गपगुमान दिले. कराडच्या पोराचं नाव मात्र त्यांनी पुन्हा काढलं नाही.

अंजना मग तंबू उठेपर्यंत येत राहिली. ज्ञानू झोपतो का, असं अल्लाबक्षने एकदा विचारलं. "झोपतोय, पर झोपेत लाथा मारतोय," ती म्हणाली.

पुढच्या मुक्कामी नवा सिनेमा आला. दुपारी उन्हात पडद्यावर काही दिसायचं नाही, म्हणून अल्लाबक्षने मशीनची बत्ती पेटवलीच नाही. नुसती रिळं एकापाठोपाठ एक चालवली आणि भोंग्याला कान देऊन बसला. भाऊसो पान चघळत शेजारी येऊन टेकले. रिकाम्या तंबूत बंदुका वाजत होत्या.

"चौथं न् सातवं रीळ," अल्लाबक्ष म्हणाला. "ह्या दोनांचा आवाज खाली आणायचा. आन् नवव्यात येका म्हातारीला मारत्यात. ते मुकं केलं तरी पोरं हसायची न्हाईत. पहिल्या खेळाला नववं लावायचंच न्हाई."

"आन् इष्टोरी?"

"ती मी माईकवर सांगतो."

भाऊसोंनी पिंक टाकली. "सांग. पर लांबवू नकोस."

अल्लाबक्षने नवव्या रिळाचा डबा उचलून बाजूला ठेवला.