अब्बांच्या फॉर्मवरचे तीन ‘नाही’

दोहातल्या मंडळींनो, डोकं अजून तापलेलंच आहे, तरी लिहितोय.

वर्ल्ड कपच्या स्टेडियमचं काम संपलं आणि आमचे अब्बा फोरमन म्हणून रिटायर झाले. आता रत्नागिरीला न जाता ते माझ्या व्हिसावर इथल्या अल मुंतझा भागात आमच्यासोबत राहणार. त्यासाठी हेल्थ इन्शुरन्स सक्तीचा.

आज दुपारी एजंटकडे त्यांनी स्वतःच फॉर्म भरला. बीपी? नाही. शुगर? नाही. हार्टचा त्रास? नाही. काउंटरवरची बाई सबमिट दाबणार, इतक्यात माझी नजर गेली.

"थांबा!" मी ओरडलोच. रोज सकाळी त्यांच्या या तिन्ही आजारांच्या गोळ्या मीच काढून देतो हो! "अब्बा, उद्या अ‍ॅटॅक आला तर क्लेम मिळेल का?"

"हळू बोल," त्यांनी माझा हात घट्ट धरला. "आजार लिहिला की परत पाठवतात."

नोकरीच्या प्रत्येक मेडिकलला ते हीच भीती पोटात घेऊन ‘एकदम ठणठणीत’ म्हणत आले. त्या खोट्यावर टिकलेल्या नोकरीतूनच मी इंजिनियर झालो.

मी सगळं खरं लिहायला लावलं. इन्शुरन्सची मंजुरी अजून आलेली नाही.

माझं चुकलं का, सांगा. कारण घरी आल्या आल्या अब्बांनी कपाटावरची बॅग खाली काढलीय.