कायमचा पत्ता

आमच्या शेजारच्या चाचांइतका अस्सल अबुधाबीकर मी दुसरा पाहिला नाही, आणि ते इथले आहेत असं सांगणारा एकही पक्का कागद त्यांच्याजवळ नव्हता. चाचा मूळचे रत्नागिरीचे. ऐन विशीत इथल्या लष्कराच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक म्हणून लागले आणि अठ्ठावीस वर्षं अंगावर इथला युनिफॉर्म चढवून निवृत्त झाले. युनिफॉर्म उतरला, चाचा काही उतरले नाहीत. खालच्या बेकरीतून खुबूसच्या रोट्या आणायला जातानाही बुटांना पॉलिश. दर शनिवारी सकाळी सातला ते पार्किंगमधल्या आम्हा सगळ्यांच्या गाड्यांची बॉनेटं उघडायला लावत, तेल तपासत आणि नापास झालेल्याला सगळ्यांसमोर झापत. माझी मुलगी एकदा डोळे चोळत म्हणाली, "अंकल, इट्स अ हॉलिडे." त्यावर चाचा शांतपणे म्हणाले, "गाडीला सुट्टी नसते, बेटा." नापासांत माझा नंबर कायम पहिला असे, आणि खरं सांगायचं तर मला त्याची सवयच झाली होती.

निवृत्तीनंतर चाचा मुलाच्या व्हिसावर राहत. दर वर्षी नूतनीकरण, आणि दर वर्षी टायपिंग सेंटरमध्ये तोच तमाशा. फॉर्मवर 'कायमचा पत्ता' आला की चाचा ठासून आमच्या बिल्डिंगचं नाव सांगत. टायपिस्ट बिचारा हात जोडून म्हणे, "चाचा, इंडिया का लिखना पडता है." मग चाचा माझ्याकडे वळत, जणू नियम मीच केला होता. "वाळवंटात यांच्या लष्कराची गाडी बंद पडली की मला उठवून न्यायचे. तेव्हा कुणी विचारला माझा कायमचा पत्ता?" शेवटी मीच रत्नागिरी लिहायला सांगत असे.

यंदा मुलाला कॅनडात नोकरी लागली, म्हणजे चाचांचाही व्हिसा संपणार. निवृत्तांच्या व्हिसाला लागते तेवढी शिल्लक त्यांच्यापाशी नव्हती. मी त्यांना अर्ज घेऊन कार्यालयात नेलं. तिथल्या तरुण अधिकाऱ्याने त्यांना चहा दिला, नोकरीचे जुने कागद दोन्ही हातांनी घेतले, सगळे वाचले आणि खाली मान घालून सांगितलं की अशा सेवेसाठी वेगळा व्हिसा नाही. चाचांनी त्याचे आभार मानले. मला मात्र त्या सौजन्याचाच राग आला.

चाचा इतके का अडून बसले होते ते मला अगदी शेवटी कळलं. चाची सहा वर्षांपूर्वी इथेच वारल्या, बनियासच्या कब्रस्तानात आहेत. रत्नागिरीला निघायच्या दिवशी चाचा मला म्हणाले, "तू फातिहा वगैरे काही म्हणू नकोस, तुला येणार नाही. नुसता जाऊन दोन मिनिटं उभा राहा. तिला एकटीला राहायची सवय नाही."

पुढच्याच शुक्रवारी गेलो. साधी मातीची कबर, डोक्याशी एक दगड. "चाची, चाचा सुखरूप पोचले," एवढं म्हणालो. 'घरी पोचले' म्हणायला जीभ रेटेना.