डोरीनच्या झाडाची मिरवणूक

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. आणि चहा बाजूला ठेवा, ठसका लागला तर मी जबाबदार नाही! लेस्टरच्या हॉस्पिटलात तीस वर्षं डॉक्टरकी केली, कुणी बोट दाखवलं नाही. पण गेल्या जानेवारीत आमच्या गल्लीत जे करून बसलो ना, त्याला तोड नाही.

झालं असं, की आमच्या दारासमोरच्या लॅम्प पोस्टवर एकाच दिवशी दोन नोटिसा लागल्या. पहिली: सोमवारपासून रस्ता खणणार, गाड्या हलवा, कचऱ्याची लॉरी आत येणार नाही. दुसरी: ख्रिसमस ट्री रीसायकल करायची असतील, तर शनिवारी सकाळी कोपऱ्यावरच्या चर्चच्या कार पार्कमध्ये आणून द्या. तिथे मशीन येईल, झाडांचा चुरा होईल, तो बागांना घालतील.

आता तुम्हीच सांगा. रस्ता बंद, वेळ ठरलेली, घरोघरचं नेऊन पोचवायचं आहे. हे वाचून माझ्या अंगात काय संचारलं असेल? विसर्जन! इथल्या मराठी मंडळाचा मी विसर्जनप्रमुख. आणि आमच्या सांगलीतल्या गल्लीचं वळण असं, की आपला गणपती घेऊन निघालो की वाटेतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचेही घ्यायचे. विचारायचं कसलं? दारात पाटावर दिसला की उचलायचा, मोरया म्हणायचं आणि चालू लागायचं.

बायको म्हणाली, "अहो, आपलं झाड प्लॅस्टिकचं आहे. तुमचा काय संबंध?"

"गल्लीचा संबंध आहे!"

आधी गाडी तीन गल्ल्या पलीकडे लावून आलो. सोमवारच्या कामासाठी शनिवारी! बायकोने कपाळाला हात लावला. मग गॅरेजमधून मंडळाची ढकलगाडी काढली आणि वीकेंडला घरी आलेल्या रेवाला, म्हणजे आमच्या लेकीला, जुंपलं. ती बर्मिंगहॅमला वकील आहे, पण बापापुढे वकिली चालत नाही.

दारादारांतून पडलेली पाच झाडं गोळा केली. सहावं दार डोरीनचं.

डोरीन आमची शेजारीण, ब्याऐंशी वर्षांची. आम्ही नवे आलो तेव्हा हिटिंग कसं लावायचं हेही तिनेच शिकवलं. रेवा झाली त्या दिवशी मी वॉर्डात अडकलेलो. बायकोला हॉस्पिटलात पोचवलं ते डोरीनच्या नवऱ्याने, फ्रँकने. फ्रँक जाऊन आठ वर्षं झाली. या दोघांसाठी जीव द्यावा असं मला अजूनही वाटतं.

तिच्या दारात झाड उभं होतं, बुडाला कचऱ्याची काळी पिशवी घट्ट बांधलेली. मला भरूनच आलं. बिचारीने बांधून ठेवलंय, पण उचलवलं नसेल!

रेवाने हात लावून पाहिला. "बाबा, हा झाड खूप हेवी आहे. आणि एकदम ग्रीन आहे. आपण डोरीनला विचारू या ना?"

"हा झाड नाही, ते झाड. आणि डोरीन शनिवारी केस सेट करायला जाते."

"पण मला वाटतं हा जिवंत आहे."

मी चष्मा वर सरकवला. सुईसारखी दोन पानं चिमटीत धरून पाहिली, गंभीरपणे मान हलवली. "गेलंय. मला कळतं त्यातलं."

मग काय, "गणपती बाप्पा मोरया" म्हणत आमची मिरवणूक पेव्हमेंटवरून निघाली. रस्त्यावर खुणा करणाऱ्या माणसांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. कार पार्कमध्ये झाडं उतरवली आणि सवयीने हात जोडून बोलून गेलो, "पुढच्या वर्षी लवकर या!" मशीनवाल्यानेही बिचाऱ्याने हात जोडले.

घरी येऊन कृतार्थ होऊन चहाचा पहिला घोट घेतोय, तोच बेल वाजली. दारात डोरीन, केस ताजे सेट केलेले.

"मी डक," ती म्हणाली. लेस्टरची जुनी माणसं सगळ्यांनाच प्रेमाने 'मी डक', म्हणजे 'माझ्या बदका', म्हणतात. "माझं झाड पाहिलंस का? दर वर्षी आधी चार दिवस दारात ठेवते, थंडीची सवय व्हायला. मग कुंडी मागच्या बागेत. ती काळी पिशवी कार्पेटवर माती सांडू नये म्हणून. फ्रँकने शेवटच्या ख्रिसमसला आणलेलं झाड आहे रे ते."

नातेवाइकांना वाईट बातमी द्यायची मला सवय आहे हो, पण तिथे निदान मी मारलेलं नसायचं!

"आणतो," एवढंच म्हणालो आणि सुटलो. गाडी? तीन गल्ल्या पलीकडे! शहाणपणाने लावून आलो होतो ना! घरातल्या सपाता, पुढे खडखडणारी ढकलगाडी आणि समोरून मशीनची घरघर. आमच्या सहातली दोनच उरली होती, आणि त्या माणसाने डोरीनचं झाड मानेला धरून उचललं होतं.

"थांबा! जिवंत आहे ते!" मी चक्क मराठीत ओरडलो. मग इंग्रजीत.

त्याने मशीन बंद केलं. "पण सर, सकाळी तुम्हीच आणलंत ना? गाणं म्हणत?"

"हो."

"नमस्कारही केलात."

"केला हो केला! द्या ते इकडे!"

काळी पिशवी सोडली. आत कुंडी, ओली माती. आणि कुंडीवर फ्रँकच्या हातचं, पांढऱ्या रंगातलं 'डोरीन'. मी तिथेच खाली बसलो. लाज वाटत होती आणि सुटल्यासारखंही वाटत होतं.

झाड घेऊन परतलो, तर डोरीन फाटकातच उभी होती. झाडाची एक फांदी मोडली होती. मी सगळं सांगितलं, मोरयासकट. ती मोडक्या फांदीवरून नुसता हात फिरवत राहिली. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग म्हणाली, "म्हणजे तू माझ्या फ्रँकच्या झाडाची मिरवणूक काढलीस? गाणी म्हणत?" आणि डोळे पुसत असं हसली, की सेट केलेले केस विस्कटले. "त्याला फार आवडलं असतं. चल आत, किटली ठेवते."

सुटलो, असं वाटलं ना तुम्हाला? मलाही वाटलं!

सोमवारी रस्ता खणायला माणसं आली आणि सगळी लॅम्प पोस्टपाशी हसत उभी. बघतो तर तिथे तिसरी नोटीस, डोरीनच्या सुरेख अक्षरात: 'माझ्या दारातले झाड जिवंत आहे. शेजारच्या डॉक्टरांनी तपासून ते मृत घोषित केले होते. त्यांच्या मुलीचे मत वेगळे होते. कृपया मुलीला विचारावे.' खाली साक्षीदार म्हणून सही, माझ्या बायकोची!

रस्त्याचं काम झालं, पहिली नोटीस निघाली. झाडांची दुसरीही निघाली. तिसरी अजून तिथेच आहे. डोरीनने ती लॅमिनेट करून लावली आहे.